वरच्या खोलीतला सर्व्हर आणि तपकिरी जोडी

आमच्याकडे राउटर खाली हॉलमध्ये आणि सर्व्हर वरच्या खोलीत. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स. घरचे सगळे फोटो आणि आईची आवडती नाटकं त्यात. पहिला दणकून पाऊस झाला आणि हा सर्व्हर नेटवर्कवरून गायब व्हायला लागला. खाली इंटरनेट ठणठणीत, राउटरचा पिंग (हाक मारून उत्तर यायला लागणारा वेळ) एक मिलिसेकंदाच्या आत. सर्व्हर तेवढा मधूनच यायचा आणि जायचा.

त्याच वायरीला विंडोजचा लॅपटॉप लावून पाहिला. तीच उघडझाप, आणि मधल्या वेळात १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता. हा पत्ता दिसला की बहुतेक जण राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये शिरतात. पण त्याचा अर्थ एवढाच की पत्ता मागितला आणि उत्तर आलं नाही. वायरच धड नसेल तर उत्तर येणार कुठून? आधी लिंक, म्हणजे वायरीच्या दोन टोकांमधली जोडणी, टिकते का ते बघावं, मग वरचं सगळं. सर्व्हरवर डीमेसेज (लिनक्सची अंतर्गत नोंदवही) उघडलं तर लिंक अप, लिंक डाऊन, लिंक अप अशी रांगच लागलेली. म्हणजे सर्व्हर सुटला, राउटरची सेटिंगही सुटली. उरली वायर, नाहीतर राउटरचा पोर्ट. पोर्ट बदलून पाहिला, काही फरक नाही.

इथे जरा थांबतो, कारण या सगळ्यातला खरा रस इथेच आहे. १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) वेगाला वायरीतल्या तारांच्या चार पीळदार जोड्यांपैकी दोनच लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे त्याच्या दहापट वेगाला, चारही लागतात. पण दोन्ही टोकं वेग ठरवण्याची बोलणी मात्र त्या पहिल्या दोन जोड्यांवरच करतात. म्हणजे उरलेल्या दोन, निळी (पिन ४-५) किंवा तपकिरी (पिन ७-८) जोडी खराब असली तरी बोलणी नीट पार पडते, दोघंही गिगाबिटला होकार देतात, आणि प्रत्यक्ष लिंक जोडायला गेलं की फसतं. मग पुन्हा बोलणी, पुन्हा होकार, पुन्हा फसणं. काही चिप स्वतःहून १००वर उतरतात. आमची उतरत नव्हती.

म्हणून एथटूल (लिनक्समधली नेटवर्क कार्डाची सेटिंग बदलायची आज्ञा) वापरून सर्व्हरला सांगितलं, बोलणी करताना फक्त १०० फुल डुप्लेक्सच (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) जाहीर कर. लगेच लिंक उठली ती पडलीच नाही. आयपर्फ (वेग मोजायचा प्रोग्रॅम) लावलं, ९४ एमबीपीएस. दोष निळ्या नाहीतर तपकिरी जोडीत, हे वायरीला हात न लावता कळलं. एक सांगतो: हे करताना ऑटो निगोशिएशन, म्हणजे ही वेगाची बोलणीच, बंद करू नका. एका बाजूला बंद केलं की समोरचा पोर्ट हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरतो, आणि मग लिंक चालू दिसूनही फाइल मुंगीच्या पावलांनी जाते.

मग शिडी लावली. वायर बाहेरच्या भिंतीवरून, छज्ज्याखालून वर गेलीये. घरात वापरायची साधी राखाडी वायर होती ती. उन्हाने आवरण इतकं कडक झालेलं की वाकवताच तडकलं. छज्ज्याच्या कोपऱ्यावर जोड होता. त्याची डबी उघडली तर आत पाणी, आणि ७ व ८ नंबरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. तीच तपकिरी जोडी. तार ब्लेडने खरवडली तर तांब्याचा रंग निघून खाली चंदेरी दिसलं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार वाकवून वाकवून लवकर तुटते आणि रोधही जास्त. माझ्या मते ती घरातसुद्धा घेऊ नये.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात गेलो. दुकानदार काकांनी आधी विचारलं, "आत लावणार की बाहेर?" बाहेर म्हटल्यावर त्यांनी काळ्या पॉलिथिन आवरणाची कॅट ६ दर्जाची नेटवर्क वायर काढली आणि टोक सोलून हातात दिलं, "खरवडून बघा, आतपर्यंत तांबंच आहे." बघितलं, होतं.

नवी वायर एकसंध टाकली, मध्ये जोड नाही. खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून तिथेच टपकेल, भिंतीत शिरणार नाही. दोन्ही टोकांना बी पद्धतीने (तारांच्या रंगांचा ठरलेला एक क्रम) प्लग दाबून बसवले: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ प्लगच्या अगदी जवळपर्यंत तसाच ठेवला. सोयीसाठी लांबपर्यंत उलगडला की सिग्नल बिघडतो.

आता आयपर्फ ९४० दाखवतंय, गिगाबिटवर याहून फारसं मिळतही नाही. रात्रभर पाऊस झाला, तरी एथटूलमध्ये सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) शून्यच.

वीज कडाडते तेव्हा भिंतीवरच्या तांब्याची धास्ती मात्र वाटतेच. म्हणून पुढचं काम फायबरचं: दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल प्रकाशात बदलणारी डबी) आणि मध्ये धातू नसलेली, काचेची फायबर. कोणी घरात हे केलं असेल तर कन्व्हर्टर उन्हाळ्यात किती तापतात ते सांगा, वरच्या खोलीला पत्र्याचं छत आहे.