आमची वाटचाल: टनामागे शंभर ग्रॅम

इंदुरात सोया डीओसीची (तेल काढून उरलेल्या सोयापेंडीची) ददात कधीच नव्हती. माळव्याचं सोयाबीन, त्याच्या तेलमिली, सोया प्रक्रिया उद्योगाची ‘सोपा’ ही संघटना आणि सोयाबीन संशोधन संस्था, सगळं याच शहरात. त्यामुळे आसपासच्या कोंबडीखाद्याच्या छोट्या फीड मिली आणि घरचं खाद्य दळणारे लेअरवाले (अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे) मका-डीओसीवरच चालतात. या खाद्यात टनामागे १०० ते ५०० ग्रॅम एन्झाइम (पचनाला मदत करणारं विकर) पडतं. आमच्या फर्मचा धंदा त्याचा. एन्झाइम तयार करणारं आंबवण बाहेर होतं. आम्ही कॉन्सन्ट्रेट घेतो, कॅरिअरवर (एन्झाइम धरून ठेवणाऱ्या भुकटीवर) पसरवतो, ताकद तपासतो आणि पुडीसोबत बदललेला फॉर्म्युला देतो.

फॉर्म्युला देणं आम्ही सुरुवातीपासूनच बंधनकारक केलं. पूर्ण पोषणाच्या खाद्यात नुसती पुडी टाकली तर पक्ष्याला फारसं काही मिळत नाही आणि खर्च तेवढा वाढतो. एन्झाइम जे मोकळं करणार, ते आधी खाद्यातून काढावं लागतं.

पहिला माल फायटेज, म्हणजे फायटेट फोडणारं एन्झाइम. मका आणि डीओसीतल्या फॉस्फरसचा साधारण दोन तृतीयांश भाग फायटेट या न पचणाऱ्या रूपात अडकलेला असतो आणि तो सोडवण्याइतकं फायटेज कोंबडीच्या पोटात नसतं. म्हणून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालायचं. युरोपात व्यापारी फायटेज १९९१ मध्ये आलं. आपल्याकडच्या छोट्या मिलींत ते बऱ्याच उशिरा पोचलं. ५,००० एफटीयू (फायटेजची ताकद मोजण्याचं एकक) प्रति ग्रॅम ताकदीचा माल टनाला १०० ग्रॅम टाकला की किलोमागे ५०० एफटीयू होतात. त्यातून ब्रॉयलर (मांसाच्या कोंबडीच्या) खाद्यात ०.१० टक्के उपलब्ध फॉस्फरस मोकळा होतो, असं आम्ही धरतो. म्हणजे टनाला एक किलो फॉस्फरस. डीसीपीत १८ टक्के फॉस्फरस असेल तर साडेपाच किलो डीसीपी कमी.

गाडी अडते ती इथे. मोकळ्या झालेल्या साडेपाच किलोच्या जागी मिलवाला सरळ मार्बल पावडर (कॅल्शियमचा स्वस्त स्रोत) ओततो. साडेपाच किलो डीसीपीबरोबर कॅल्शियम जातं साधारण १.३ किलो, पण फायटेज स्वतःही टनाला किलोभर कॅल्शियम सोडवतं. भरून काढायचं ते ३०० ग्रॅम, म्हणजे ३८ टक्क्यांच्या मार्बल पावडरचे ८०० ग्रॅम. बाकी जागा मक्याची. जास्तीचं कॅल्शियम पोटातली आम्लता कमी करतं, फायटेटला घट्ट धरून ठेवतं आणि पैसे देऊन घेतलेलं फायटेज निकामी होतं. लेअरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लागतंच. तिथे निम्म्याहून जास्त भाग दोन ते चार मिलिमीटरच्या ग्रिटमधून द्या, बारीक पावडरीतून नको. ग्रिट हळू विरघळते.

आणखी एक गोष्ट. फायटेज आलं की डीसीपीची उशी जाते. पूर्वी डीसीपी भेसळीचं निघालं तरी खपून जायचं. आता दोन-तीन आठवड्यांची पिल्लं लंगडू लागतात, चोच रबरासारखी वाकते. पहिला संशय पुडीवर येतो. आधी डीसीपीची पिशवी तपासायला पाठवा.

दुसरा टप्पा मक्याच्या भावाने आणला. छावणी मंडीत मका चढला की मिली डागी गहू १०-२० टक्क्यांपर्यंत घालतात. गव्हातलं अरॅबिनोझायलन हा तंतू आतड्यात चिकट लगदा करतं, पचन मंदावतं, विष्ठा चिकटते आणि लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुसा) ओलं होतं. ओल्या लिटरमागून अमोनिया आणि तळपायाच्या जखमा आल्याच. झायलनेज हे एन्झाइम अरॅबिनोझायलनची लांब साखळी तोडतं. गव्हाच्या खाद्यात त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. नुसत्या मका-डीओसीत चिकटपणा मुळातच कमी, म्हणून तिथे आम्ही झायलनेजवर ऊर्जेचं मोठं श्रेय धरत नाही. डीओसीतल्या मॅनन आणि पेक्टिन या तंतूंसाठी मिश्र एन्झाइम जास्त कामाचं. एकाच खाद्यात फायटेज, झायलनेज, प्रोटीएज (प्रथिनं फोडणारं) तिन्ही घालून प्रत्येकाच्या पत्रकातली किलोकॅलरी पूर्ण बेरजेत धरणं हा तर हिशेबाचा घोळ. न पचलेला भाग एकच. तो तीनदा मोकळा होत नाही.

प्रोटीएजबद्दल थोडक्यात. डीओसी कच्ची राहिली असेल तर ट्रिप्सिन इन्हिबिटर (प्रथिनांचं पचन अडवणारे घटक) उरतात, जळली असेल तर लायसिन हे अमिनो आम्ल जातं. डीओसी कच्ची आहे का हे दाखवणाऱ्या युरिएजच्या चाचणीत पीएच ०.०५ ते ०.३० ने वाढावा. जळकेपणा दाखवणारी केओएच विद्राव्यता (प्रथिनांचा त्या द्रावणात विरघळणारा भाग) ७३ ते ८५ टक्क्यांत हवी. याबाहेरच्या डीओसीला प्रोटीएज वाचवू शकत नाही, आणि अशा मालासाठी आम्ही ते विकतही नाही.

पेलेटवाल्यांचं (खाद्य वाफेवर गरम करून गोळ्या पाडणाऱ्यांचं) गणित वेगळं. वाफ देणाऱ्या कंडिशनरमध्ये ८० अंशांच्या वर गेलं की साधं एन्झाइम झपाट्याने मरतं, आणि गोळ्या पाडणाऱ्या डायमधल्या (साच्यातल्या) घर्षणाने तापमान आणखी काही अंश चढतं. पॅनलवरच्या आकड्यावर विसंबू नका. कंडिशनरच्या तोंडाशी गरम मॅश (दळलेलं, गोळी न पाडलेलं खाद्य) थर्मासमध्ये घेऊन थर्मामीटर घाला. ८० ते ८५ मध्ये कोटेड (वर संरक्षक थर दिलेला) माल चालतो. त्यावर चालवायचं असेल तर कूलरनंतर द्रवरूप एन्झाइम फवारावं लागतं. पंप, नोझल, मोजमाप यांचा खर्च छोट्या मिलीला झेपत नाही. मॅशवरच राहा, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

मिसळण्यात हयगय सर्वांत जास्त. टनात शंभर ग्रॅम म्हणजे दहा हजारांत एक भाग. पुडी आधी एक किलो मक्याच्या पिठात, मग दहा किलोत, आणि निम्मा मका मिक्सरमध्ये गेल्यावर ते मिश्रण आत. रिबन मिक्सरला चार-पाच मिनिटं, उभ्या स्क्रूच्या मिक्सरला बारा-पंधरा. तेल शेवटी. मिश्रण सारखं झालं का हे बघायला बॅचमधून दहा ठिकाणचे नमुने घेऊन त्यातलं मीठ तपासा. फरकाचा गुणांक (नमुन्यांतला फरक सरासरीच्या किती टक्के) दहा टक्क्यांच्या आत हवा. तो वाढला तर बहुतेक वेळा रिबन झिजलेली असते किंवा मिक्सर गळ्यापर्यंत भरलेला असतो.

फायदा झाला की नाही हे एकाच शेडमध्ये जाळी लावून बघा: एकाच हॅचची पिल्लं, दोन्हीकडे सारखी दाटी, सारखे ड्रिंकर. मेलेल्या पक्ष्यांचं वजनही धरा, नाहीतर मर जास्त असलेल्या बाजूचा एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागणारं खाद्य) उगाच वाईट दिसतो. दोन किलोच्या पक्ष्यात एफसीआर १.७० वरून १.६५ आला तर पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य वाचलं, हजार पक्ष्यांमागे दोन गोणी. जुन्या बॅचशी तुलना करू नका; मे महिन्याची आणि डिसेंबरची बॅच एका तराजूत बसत नाही.

साठवण २५ अंशांखाली, कोरड्यात. पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात ताकद उतरते आणि पावसाळ्यात उघडी पुडी ओल धरते. कोलीन क्लोराइड आणि तांबे-जस्ताच्या सल्फेटसोबत प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्व-खनिजांच्या तयार मिश्रणात) महिनोन्‌महिने मिसळून ठेवणं तर त्याहून वाईट, म्हणून आमचं एन्झाइम प्रीमिक्सपासून वेगळंच जातं. इथले बरेच मिक्सर ५०० किलोचे आहेत. १०० ग्रॅमची अर्धी पुडी रबर लावून कोनाड्यात पडून राहायची. आता ५० ग्रॅमची सीलबंद पुडीच काढली आहे, एका बॅचला एक.