ओयामाचं शेअर हाउस: तोक्योत वर्षभर राहायला जाणाऱ्यांसाठी

कंपनीने पुण्याहून वर्षभरासाठी तोक्योला पाठवलं, सुरुवातीचे काही आठवडे हॉटेल दिलं आणि मग भाड्याचा भत्ता ठरवून ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळे झाले. भत्त्याचा आकडा रुपयांत मोजला की ऐसपैस फ्लॅट डोळ्यांसमोर येतो. एजंटच्या खुर्चीत बसलं की तो फ्लॅट विरघळतो. महिन्याचं भाडं झेपतं, अडतं ते सुरुवातीच्या रकमेत: अनामत (शिकिकिन), मालकाला द्यायची आणि कधीही परत न मिळणारी ‘रेइकिन’, साधारण एका भाड्याएवढी दलाली, जामीनदार कंपनीची फी, विमा, कुलूप बदलायचे पैसे. सगळं धरून चार-पाच महिन्यांचं भाडं घरात पाऊल टाकायच्या आधीच जातं. वर घर रिकामं असतं. रिकामं म्हणजे अक्षरशः, अनेकदा छताला दिवासुद्धा नसतो.

माझ्यासमोर दोन पर्याय उरले. एक यूआर नावाच्या निमसरकारी संस्थेची घरं. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार लागत नाही. मात्र उत्पन्नाची अट आहे. तोक्योच्या पूर्वेकडच्या निशि-कासाई भागातल्या यूआर वसाहतींत आपली मंडळी भरपूर आहेत. २००० च्या आसपास आयटीवाले आले आणि तिथेच रुळले. निशि-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. मुलंबाळं घेऊन जाणार असाल तर आधी तिकडेच बघा. एवढंच की हा भाग खोलगट आहे. एदोगावा वॉर्डाने २०१९ मध्ये काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर चक्क ‘इथे थांबू नका’ असं छापलं होतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण पहिल्या मजल्यापेक्षा पाचवा बरा.

मी एकटी होते, ऑफिस इकेबुकुरोला, म्हणून दुसरा पर्याय घेतला: शेअर हाउस. जागा ओयामाला मिळाली. तोबू तोजो लाइनवर इकेबुकुरोपासून तिसरं स्टेशन, बाहेर पडलं की छप्पर असलेली ‘हॅपी रोड’ बाजारपेठ, भाजीपाला स्वस्त, पावसात छत्री उघडायची गरज नाही. स्वतःची खोली, बाकी स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, वॉशिंग मशिन सगळ्यांत मिळून. तोक्योत अशा खोलीला साधारण ५० ते ८० हजार येन पडतात आणि त्यात वीज, पाणी, गॅस, वायफायचा ठरावीक आकार बहुधा धरलेला असतो. खोलीचं माप ‘जो’मध्ये सांगतात, म्हणजे तातामी चटया किती मावतात त्यावर. एक जो साधारण १.६ चौरस मीटरचा. सहा जो म्हणजे शंभर चौरस फुटांच्या थोडं वर. साडेचार जोच्या खोलीत पलंग ठेवला की सूटकेस उघडायला पलंगावरच चढावं लागतं.

सही करण्याआधी काही गोष्टी तोंडी नव्हे, ईमेलवर विचारून घ्या. या पत्त्यावर रहिवासी नोंदणी करता येते का? काही जागी करू देत नाहीत आणि मग पुढचं सगळं अडतं. करार ठरावीक मुदतीचा आहे का? शेअर हाउसचा बहुधा तसाच असतो. मुदत संपली की तो आपोआप वाढत नाही, नव्याने करावा लागतो. सोडताना किती आधी सांगायचं, अनामतीतून सफाईचे किती कापणार, एसीची वीज भाड्यात आहे की वेगळी, पाहुणा रात्री राहू शकतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असंच येतं. मित्राला ‘आठवडाभर राहा रे’ म्हणायची आपली सवय तिथे चालत नाही, आणि मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला तर करारच रद्द होऊ शकतो. इमारत कधीची आहे तेही विचारा. जून १९८१ नंतर बांधकामाला मंजुरी मिळालेल्या इमारतींना भूकंपाचे नवे निकष लागू झाले. लाकडी घर असेल तर २००० नंतरचं उत्तम. आणि खिडकी स्वतः उघडून बघा. ऑफिसांचे आणि गोदामांचे गाळे पाडून केलेल्या बिनखिडकीच्या कोंदट खोल्यांवर सरकारने २०१३ मध्ये बडगा उगारला होता, तरी फोटोवर भरवसा ठेवू नये.

राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. विमानतळावर मिळालेलं रेसिडेन्स कार्ड आणि पासपोर्ट न्यायचा, ते कार्डामागे पत्ता छापून देतात. कंपनीचा आरोग्य विमा नसेल तर राष्ट्रीय विम्याचं काम त्याच फेरीत उरकतं. मग दवाखान्यात बिलाचे ३० टक्के आपण भरायचे. त्याहून महत्त्वाचं आणि कुणी न सांगणारं काम म्हणजे टपालपेटीवर आपलं नाव लावणं. शेअर हाउसमध्ये एका पेटीत दहा जणांची पत्रं पडतात. बँकेचं कार्ड रजिस्टर टपालाने येतं, नाव दिसलं नाही तर पोस्टमन ते सरळ परत नेतो. रोमन लिपीत आणि काताकानात (परदेशी नावं लिहायची जपानी लिपी), दोन्हींत नाव लिहा. बँकांचं म्हणाल तर येऊन सहा महिने व्हायच्या आत बऱ्याच बँका खातं उघडायला खळखळ करतात. पोस्टाची बँक त्यातल्या त्यात सोपी.

आता घरातल्या माणसांविषयी. आमच्याकडे जपानी निम्मे, बाकी कोरिया, फ्रान्स, व्हिएतनाम आणि मी. तोंडावर कुणीही कुणाला काही बोलत नाही. जे बोलायचं ते भिंतीवरचा कागद बोलतो. सिंकच्या वर एक कागद होता, त्यावर हसणाऱ्या स्पंजचं चित्र आणि खाली ‘सर्वांना विनंती: भांडी घासून झाल्यावर सिंकची जाळी रिकामी करावी.’ सर्वांना विनंती असली तरी ती बहुधा एकालाच असते, आणि तो एक कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा नवा कागद लागला की फोनने फोटो काढायचा, भाषांतर वाचायचं आणि त्याच संध्याकाळपासून तसं वागायचं. ‘हे माझ्यासाठी आहे का?’ असं विचारत फिरू नका, समोरच्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आपली तक्रार असेल तरी रस्ता हाच. माझ्या शेजारणीचा हेअर ड्रायर रात्री एकला सुरू व्हायचा आणि भिंत म्हणजे नुसती पुठ्ठ्याची. मी दार वाजवलं नाही, घर सांभाळणाऱ्या कंपनीला दोन ओळींचा ईमेल केला. दोन दिवसांत पॅसेजमध्ये कागद लागला: ‘रात्री ११ नंतर ड्रायर फक्त वॉशबेसिनपाशी वापरावा.’ आवाज थांबला. सकाळी शेजारीण नेहमीसारखीच हसून ‘ओहायो गोझाइमास’ म्हणाली. कुणी कुणाबद्दल लिहिलं हे दोघींनाही माहीत, विषय मात्र तिथेच मिटला. खरं सांगायचं तर मला आपलं चाळीतलं तोंडावरचं भांडण परवडतं, निदान मन मोकळं होतं. पण तिथे चाळीचे नियम लावून उपयोग नाही.

सर्वांत जास्त कस लागतो तो स्वयंपाकघरात. मोहरी-हिंगाची फोडणी, सुक्या मिरचीचा ठसका, कुकरच्या शिट्ट्या, यातलं काहीही शेजाऱ्यांच्या ओळखीचं नसतं. मी पहिला कुकर लावायच्या आदल्या रात्री घराच्या ‘लाइन’ (तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) ग्रुपवर लिहिलं: उद्या सात वाजता स्वयंपाकघरातून वाफेचा मोठा आवाज येईल, तीनदा, तो स्फोट नाही, डाळ आहे. सात वाजता बघायला गर्दी. तिसऱ्या शिट्टीला टाळ्या पडल्या आणि नंतर कुणाची हरकत उरली नाही. फोडणीआधी एक्झॉस्ट (कानकिसेन) पूर्ण वेगावर लावा आणि पॅसेजचं दार बंद करा. हिंगाची डबी दुसऱ्या हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर सामाईक फ्रिजमधल्या केकलाही हिंगाचा वास लागतो. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला असतो. डब्यावर नाव आणि तारीख लिहायची, नाव नसलेला डबा सफाईच्या दिवशी फेकला जातो. इडलीचं पीठ आंबवताना निम्म्याहून कमी भरलेल्या भांड्यात आणि स्वतःच्या खोलीत ठेवा.

तळणाचं तेल सिंकमध्ये अजिबात ओतायचं नाही. दुकानात तेल घट्ट करायची पूड मिळते. गॅस बंद करून गरम तेलातच ती ढवळायची. तेल निवलं की खरवसासारखी वडी पडते, कालथ्याने सोडवून जळाऊ कचऱ्यात टाकायची. मी दिवाळीत चकल्या केल्या तेव्हा हा प्रकार बघून आमच्या फ्रेंच मुलीने ती वडी चाखू का म्हणून विचारलं होतं. फराळ वाटताना कुणाच्या हातात देत बसू नका. मधल्या टेबलावर ठेवा, शेजारी ‘घ्या’ अशी चिठ्ठी आणि त्यात काय काय आहे ते लिहा. शेंगदाणे, तीळ, दूध हे तर नक्की लिहा, अ‍ॅलर्जीची माणसं असतात. खोलीत निरंजन-उदबत्तीला बहुतेक घरांत मनाई असते, गणपतीपुढे बॅटरीचा दिवा लावला. मसाले शिन-ओकुबोच्या ‘इस्लामिक योकोचो’ गल्लीत सगळे मिळतात, तांदूळ मात्र जपानीच खायला शिका.

कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्डागणिक वेगळं, म्हणून मित्राचं ऐकू नका, आपल्या वॉर्डाचा तक्ता घ्या. तोक्योच्या २३ वॉर्डांत जळाऊ कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. साधी पारदर्शक पिशवी चालते. पलीकडे हाचिओजी, माचिदा अशा शहरांत ठरावीक पिशव्याच विकत घ्याव्या लागतात. प्लॅस्टिकच्या (पेट) बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली विसळायची, चेपायची. पिशवी सकाळी आठच्या आत कोपऱ्यावर न्यायची, निळी-हिरवी जाळी उचलून खाली सरकवायची आणि जाळीचा काठ परत नीट दाबायचा, कारण वरच्या तारेवर कावळे बसलेलेच असतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाले नेत नाहीत. स्टिकर चिकटवून तिथेच ठेवतात आणि दिवसभर अख्खी गल्ली ती बघते. ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू असेल तर आधी नोंदणी करून दिवस घ्यायचा आणि दुकानातून २०० किंवा ३०० येनची कुपनं आणून चिकटवायची.

आंघोळीचं थोडक्यात: टब असेल तर आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग पाण्यात उतरायचं. तेच पाणी पुढचा माणूस वापरतो, तेव्हा बूच काढू नका. मोरीतले केस उचलून बाहेर या. लांब केसवाल्यांसाठी भिंतीवर कागद असतोच.

हवेची कल्पना देऊन ठेवते. जून-जुलैच्या पावसात खोलीला बुरशी धरते. गादी जमिनीवर अंथरली असेल तर सकाळी उचलून उभी करा, कपाटात ओल शोषणारे डबे ठेवा, जीन्स वाळत नसेल तर नाक्यावरच्या कॉइन लाँड्रीत ड्रायर लावा. थंडीत घर बाहेरइतकंच गार असतं, एसीच हीटर म्हणून चालतो. रॉकेलचे हीटर शेअर हाउसमध्ये सहसा चालत नाहीत. भूकंपासाठी पलंगाच्या उशाशी बूट, टॉर्च, पाणी आणि पासपोर्टची प्रत ठेवा. आग आणि अँब्युलन्सला ११९, पोलिसांना ११०.

सोडताना बहुधा एक महिना आधी लेखी कळवायचं असतं. खोलीचे फोटो राहायला आलात त्या दिवशीच काढून ठेवा. उन्हाने विटलेली भिंत, पलंगाच्या पायांचे खळगे असल्या नेहमीच्या झिजेचा खर्च भाडेकरूवर नाही, हे २०२० पासून दिवाणी कायद्यात स्पष्टच लिहिलेलं आहे. माझ्या अनामतीतून कापलेली एक रक्कम हे फोटो पाठवल्यावर परत आली. वॉर्ड ऑफिसात ‘देश सोडतोय’ म्हणून नोंद करा. १ जानेवारीला तिथे रहिवासी असाल तर आधीच्या वर्षाच्या कमाईवरचा रहिवासी कर निघून गेल्यावरही लागू होतो, त्याची सोय आधी लावा. जपानी पेन्शन सहा महिने किंवा जास्त भरली असेल तर गेल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी काही पैसे मिळतात. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे पुण्याहून कंपनीने पाठवलं असेल तर निघण्याआधीच पीएफकडून प्रमाणपत्र घ्या, म्हणजे तिथे पेन्शन कापलीच जात नाही. आणि निघणं मार्चअखेरीस असेल तर मोठ्या कचऱ्याची तारीख आणि सामानाची गाडी फेब्रुवारीतच ठरवा. एप्रिलला सगळ्या जपानचं नवं आर्थिक आणि शालेय वर्ष सुरू होतं, त्या आठवड्यांत गाडी मिळतच नाही, मिळाली तर दुप्पट भावाने.