समासातली पेन्सिल

"लिहिलेलं मी आधी मित्राला दाखवतो, मग बाकीच्यांना," आज वसईच्या शिबिरात एक फादर बोलले आणि जुनी वहीच उघडून दाखवली, पानभर पेन्सिलीच्या खुणा, समासात एका ठिकाणी 'इथे प्रवचन झालं, काढ'. तो मित्र वारकरी, दरवर्षी पंढरीला जाणारा.

श्रद्धा, लेखन यावर बाकीचेही छान बोलले, पण मी त्या समासातच अडकलेय.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, घरचेदारचे दुरावले, आणि पुढे नगरला त्यांच्याच घरी बालकवी ठोंबरे घरच्यासारखे राहिले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. एका छपराखाली दोन कवी, दोन धर्म. किती मोठं मन लागत असेल!

येताना लोकलमध्ये फोनमधली नावं चाळत बसले. माझ्या वहीत 'काढ' असं हक्काने कोण लिहील?