आमची वाटचाल : टायपिंग, टोकन आणि ‘अपडेट करू नये’

नागपुरात बर्डीवर आमचं दुकान सुरू झालं ते टायपिंग आणि झेरॉक्सचं. दहा बाय बाराची जागा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येऊ न देणारा कूलर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडाटा. २०१२ च्या सुमारास सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांत खेटे घालणारे कंत्राटदार खिशातून पेन ड्राइव्हसारखं टोकन काढून माझ्यापुढे ठेवायला लागले. “ताई, टेंडर आता ऑनलाइन भरा म्हणून राहिले. होते का तुमच्याकडे?” मी आधी हो म्हटलं, मग शिकले.

त्या टोकनात डिजिटल सही असते. तिची गुप्त किल्ली टोकनाबाहेर कधीच येत नाही, सही आतच होऊन बाहेर येते. पण वेबसाइटला आपल्या यूएसबीला हात लावायची मुभा नसते, आणि नसावीच. म्हणून मधे एक मध्यस्थ लागायचा : जावाचं ॲपलेट, म्हणजे जावा या सॉफ्टवेअरवर ब्राउझरच्या पानातच चालणारा छोटा प्रोग्राम. पानावर करडा चौकोन उघडायचा, ‘रन’ दाबायचं, टोकनाचा पासवर्ड टाकायचा. झाली सही. आमची कमाई त्या चौकोनातून यायची.

चौकोन रुसायचाही फार. एका पोर्टलला जुनं जावा लागे, दुसऱ्याला नवं. ३२ बिटच्या ब्राउझरला ६४ बिटचं जावा चालत नसे. जानेवारी २०१४ मध्ये जावा ७ चं ५१ वं अपडेट आलं, तेव्हापासून तर काही साइटचे पत्ते जावाच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने घालावे लागायचे. मी दोनशे पानी वही केली. कोणत्या पोर्टलला कोणता ब्राउझर, कोणतं जावा, टोकनाचा कोणता ड्रायव्हर. चाललं ते निळ्या शाईत, फसलं ते लाल. बाजूच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने ती वही ‘एक दिवसासाठी’ मागितली होती. दिली नाही. आजही पटतं मला ते.

जावासारखे बाहेरचे प्रोग्राम पानात चालवणारे प्लगइन काढणार असल्याचं क्रोमवाल्यांनी सप्टेंबर २०१३ मध्येच जाहीर केलं होतं. आमच्या कानावर ते आलंच नाही, कारण आम्ही टेंडरच्या सूचना वाचतो, ब्राउझरच्या नाही. ही प्लगइनची सोय, एनपीएपीआय नावाची, नेटस्केपच्या १९९५ च्या जमान्यातली. तिच्यातून चालणाऱ्या प्रोग्रामला कॉम्प्युटरवर जवळपास मालकाइतकेच अधिकार. पाहुण्याला पाणी द्यायला घरात घ्यावं आणि कपाटाच्या किल्ल्याही हाती द्याव्या, तसं. जानेवारी २०१३ मध्ये जावातलं एक भोक इतकं मोठं निघालं, की अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने लोकांना ब्राउझरमधलं जावा बंदच करा म्हणून सांगितलं. तेव्हा काढणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०१५ मध्ये क्रोमने प्लगइन बंद केले, आडवाटेची एक सेटिंग तेवढी ठेवली. सप्टेंबरात क्रोम ४५ आलं आणि ती वाटही बुजली. आम्ही फायरफॉक्सवर गेलो, वहीत तसं लिहिलं आणि निवांत झालो.

मग मार्च २०१७. मार्च म्हणजे आमची दिवाळी. आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्ची पडायचा असतो, त्यामुळे टेंडरांचा पूर. उमरेडकडचे एक काका सकाळीच टोकन घेऊन आले. रस्ता दुरुस्तीचं काम, मुदत दुपारी ३ ची. कागद स्कॅन झाले, दर भरले, तर्रीपोहे मागवून झाले. सव्वादोनला सहीचं पान उघडलं तर चौकोनच नाही. नुसती पांढरी जागा.

“काल तं होत होतं ना ताई, आज काऊन नाही होऊन राहिलं?”

रात्रीतून फायरफॉक्स ५२ आपसूक बसलं होतं. फ्लॅश, म्हणजे पानावर हलती चित्रं दाखवणारा प्लगइन, तेवढा सोडून बाकी सगळे त्यात बंद. मी इंटरनेट एक्सप्लोरर उघडला, पण त्या पोर्टलसाठी त्याची मांडणी आम्ही कधी केलीच नव्हती. जावा काढा, दुसरं टाका, ड्रायव्हर पुन्हा बसवा, मशीन रिस्टार्ट. वर कोपऱ्यात पोर्टलचं घड्याळ पळत होतं, आणि आपल्या भिंतीवरच्या घड्याळाला तिथे किंमत नसते. चौकोन आला तेव्हा ३ वाजून ४ मिनिटं झाली होती.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोकन रुमालात गुंडाळलं, “चालते” म्हणाले आणि गेले. पैसे मी घेतले नाहीत. ते पुन्हा आले नाहीत. अपडेट आपोआप होणं बंद करून ठेवायला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

त्याच संध्याकाळी कळलं, की त्याच ५२ ची ईएसआर नावाची, जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे आणि तिच्यात प्लगइन अजून चालतात. एका मशीनवर ती टाकली, मॉनिटरवर चिठ्ठी डकवली : ‘अपडेट करू नये’. पुढे दीड वर्ष लोक त्या मशीनचं नाव काढून यायचे. सुरक्षेच्या दृष्टीने वाईटच काम होतं ते, म्हणून त्या मशीनवर दुसरं काहीच करू द्यायचे नाही, साधं जीमेलसुद्धा नाही.

मग पोर्टलवाल्यांनीच मार्ग बदलला. ॲपलेट गेलं, त्याऐवजी सहीचा छोटा प्रोग्राम आपल्याच कॉम्प्युटरवर बसतो आणि वेबसाइट त्याच्याशी बोलते. एकदा बसवला की कंत्राटदाराचा मुलगा घरच्या लॅपटॉपवरून टेंडर भरतो. आमचं निम्मं गिऱ्हाईक असं गेलं. त्यांची अडचण हेच आमचं उत्पन्न होतं, हे कबूल करायला मला बराच वेळ लागला. आता आम्ही सह्या काढून देतो, नूतनीकरण करतो, दर आणि कागद तपासून देतो. पैसे कमी, झोप जास्त.

फ्लॅशचं काय म्हणाल तर आमच्या वेबसाइटवर गरगर फिरणारी तीन संत्री होती. १२ जानेवारी २०२१ ला ती थांबली. कोणी विचारलंही नाही.

जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर गेला, तेव्हा जुनं मशीन भंगारात द्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात इतवारीतल्या एका शेटजींचा फोन आला. गोदामातल्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा जुना डीव्हीआर, त्याचं पान ॲक्टिव्हएक्स या एक्सप्लोररच्या प्लगइनसारख्या सोयीशिवाय चित्रच दाखवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये जुन्या एक्सप्लोररसारखं पान उघडणारा आयई मोड करून दिला, तो निदान २०२९ पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं. शेटजींना एवढंच हवं होतं, की रात्री गोदामात मांजर शिरते का चोर. मांजर निघाली.

मशीन अजून माळ्यावर आहे, चिठ्ठीसकट.