चालू खात्यासाठी तीन आठवडे आणि हुकलेली दिवाळी

एमबीएला मी उद्योजकता हे स्पेशलायझेशन घेतलं. तिसऱ्या सेमला अट होती की खरा व्यवसाय नोंदवायचा, खरी विक्री करायची आणि पैसे व्यवसायाच्या खात्यातच आले पाहिजेत. आम्ही चौघींनी नाचणीचे लाडू घेतले. प्रोप्रायटर, म्हणजे एकटी मालक, म्हणून नाव माझं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, अर्ध्या तासात झाली. ती पूर्ण मोफत आहे. एका साइटने माझ्याकडे दीड हजार मागितले होते, म्हणून पत्त्याच्या शेवटी gov.in ऐवजी दुसरं काही दिसलं तर तिथून निघा. एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मूळ नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत झाली. तो १४ आकडी नंबर पाकिटावर लागतो, त्यामुळे लेबल आधी छापू नका.

अडलं ते बँकेत.

पहिल्या खेपेला काउंटरवरच्या साहेबांनी गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचा कागद, पाहिला. "ही नुसती पावती आहे. लायसन्स आणा." मी म्हटलं, सर, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात १० पेक्षा कमी कामगार असतील तर लायसन्स नसतंच, ऑनलाइन सूचना दिली की हीच पावती मिळते. "आमच्याकडे चालत नाही."

दुसऱ्या खेपेला पत्ता. माझ्या आधारवर कराडजवळचं गाव, व्यवसाय पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, आणि लाइट बिल घरमालक काकांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. काकांनी बिचाऱ्यांनी ना हरकत पत्र दिलं, घरपट्टीची पावती दिली. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला गाडी परत त्या पावतीवरच! बाहेर येऊन मी पायरीवर बसून रडले. दिवाळी आठ दिवसांवर होती आणि ३० किलोची ऑर्डर आम्हाला सोडावी लागली.

त्या रात्री रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश काढून वाचले. एकल मालकीच्या व्यवसायासाठी पुराव्याची दोन कागदपत्रं लागतात, आणि त्यात उद्यम प्रमाणपत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. तेवढ्या पानाची प्रिंट काढली, ओळी अधोरेखित केल्या आणि काउंटर टाळून थेट मॅनेजर मॅडमना भेटले. त्यांनी शांतपणे वाचलं, दुकाने-आस्थापना कायद्याचं कलमही पाहिलं, आणि फॉर्म घेतला. दोन दिवसांनी त्यांचा माणूस खोली बघून गेला आणि खातं उघडलं. तीन आठवड्यांनी. हे सगळं पहिल्याच दिवशी होऊ शकलं असतं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या कोर्सला असा प्रकल्प असेल तर सेम सुरू झाल्याच्या आठवड्यातच बँकेत जा, लाडू नंतर वळा. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, नाहीतर उद्यमचा ओटीपीच येत नाही. आमच्यातल्या एकीचं तिथेच अडलं, म्हणून प्रोप्रायटर मी झाले. आणि चालू खात्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारा. आम्हाला ती चौघींच्या खिशातून गोळा करावी लागली.