लांब स्की वेगवान का वाटते?

लांबी वाढली की वेग आपोआप वाढतो, हा गैरसमज आहे. घट्ट बर्फावर घसरण ठरते ती मुख्यतः तळाला लावलेल्या वॅक्समुळे (मेणामुळे) आणि तळ घासून दिलेल्या बारीक पोतामुळे. लांब स्कीचा खरा फायदा स्थैर्याचा: कडेचा जास्त भाग बर्फाला टेकतो, वेगात टोक थरथरत नाही, म्हणून वेग न घाबरता टिकवता येतो. मऊ बर्फात मात्र वजन पसरल्याने ती कमी रुतते आणि खरोखरच वेगाने जाते.

पुरुषांच्या डाउनहिल, म्हणजे उतारावरून भरधाव जाण्याच्या शर्यतीत किमान २१८ सेंमी लांबीची स्की लागते, तर स्लॅलममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत जाण्याच्या शर्यतीत १६५ सेंमी पुरते, कारण तिथे झटपट वळायचे असते. नवशिक्यांनी उभी धरल्यावर हनुवटीपर्यंत येईल इतकी लांब स्की घ्यावी. फार लांब घेतली तर वळण उशिरा सुरू होते, अंग मागे झुकते आणि ताबा सुटतो. टोके वर उचललेली, म्हणजे रॉकर असेल, तर थोडी लांब चालते.