आमची वाटचाल : प्रश्नपत्रिका हरवल्याच नव्हत्या

गुगल क्लासरूम, म्हणजे वर्गकाम ऑनलाइन देण्या-घेण्याचं गुगलचं साधन, ऑगस्ट २०१४ मध्ये शाळांसाठी खुलं झालं. तोवर आम्ही दोघं भागीदार शाळांच्या संगणक कक्षांची देखभाल करायचो. प्रिंटर, केबल, व्हायरस, एवढाच धंदा. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे नवीन आलंय ते आमच्या शिक्षकांना शिकवाल का?" मी तिथल्या तिथे हो म्हणालो.

पहिल्या दिवसापासूनची पिशवी अजून आमच्याकडे आहे. नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडायला एचडीएमआयचं व्हीजीए करणारे दोन कन्व्हर्टर (एक ऐनवेळी दगा देतोच), लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि सहा जादा माउस. माउसचं महत्त्व या धंद्यात नवीन आलेल्यांना कळत नाही. टचपॅडवर बोट अडखळलं की वीस वर्षं वर्ग गाजवलेला शिक्षकही कानकोंडा होतो. हातात माउस द्या, निम्मी भीती तिथेच जाते.

दुसरं हत्यार म्हणजे सराव-विद्यार्थी. प्रत्येक शाळेत आम्ही वीसेक खोटी विद्यार्थी-खाती उघडून घेतो आणि पहिल्या तासाला शिक्षकांनाच विद्यार्थी करून बसवतो. वर्गकामाला फाइल जोडताना तीन पर्याय येतात : विद्यार्थ्यांनी नुसती बघायची, सगळ्यांनी त्याच फाइलमध्ये लिहायचं, की प्रत्येकाला स्वतंत्र प्रत द्यायची. तोंडी सांगून हे कुणाच्याही डोक्यात राहत नाही.

भूगोलाच्या एक बाई होत्या. त्यांनी नद्यांची कार्यपत्रिका दिली आणि मधला पर्याय निवडला. वीस शिक्षक एकाच कागदावर तुटून पडले. पडद्यावर वीस रंगांचे कर्सर, एकाचं उत्तर दुसरा खोडतोय, मधला तक्ता कुणीतरी पुसलाच. बाईंचा चेहरा उतरला. मी फक्त आवृत्ती-इतिहास, म्हणजे फाइलच्या आधीच्या रूपांची यादी, उघडून दिला. त्यांनी स्वतः पाच मिनिटांपूर्वीची आवृत्ती निवडली, तक्ता जागच्या जागी परत. "म्हणजे खोडलेलंही राहतं?" असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ ओढून. पुढे त्या शाळेतल्या शंका आमच्याआधी बाईंकडे जायला लागल्या.

मधली काही वर्षं बरी गेली. शाळा अकरा झाल्या, माणसं पाच झाली.

मग बाईंच्याच शाळेत वार्षिक परीक्षेच्या तोंडावर प्रश्नपत्रिकांचं सामायिक फोल्डर गायब झालं. परीक्षाप्रमुखांनी जुनं सामान समजून ते काढलं होतं आणि कचरापेटीही रिकामी केली होती. सकाळी दुव्यावर क्लिक केलं की कुणालाच काही दिसेना. शाळेने आम्हाला बोलावलं, पण आमच्याआधी तिथे दुसऱ्या एका संस्थेचा माणूस बसलेला होता. ही संस्था सभागृहात दोनशे शिक्षक बसवायची, दिवसभर स्लाइड दाखवायची आणि संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटायची. आमच्यासमोर तो मुख्याध्यापकांना म्हणाला, "यांच्या पद्धतीत हे होणारच होतं."

त्या रात्री बाईंचा फोन आला. "खोडलेलं राहतं असं तुम्हीच सांगितलंत ना? मग शोधा."

खरी गोष्ट अशी की त्या काळी ड्राइव्हमध्ये, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन कपाटात, फोल्डर एकाचं आणि आतल्या फायली दुसऱ्यांच्या असतील, तर फोल्डर गेल्यावर फायली जात नसत, त्या अनाथ व्हायच्या. मालकाच्या खात्यातच असायच्या, पण कुठल्याच फोल्डरमध्ये नसल्यामुळे दिसायच्या नाहीत. त्या शोधायची एक खूण आहे. शोधपट्टीत "is:unorganized owner:me" हे इंग्रजी शब्द जसेच्या तसे टाकायचे. दुसऱ्या दिवशी बाईंच्या खात्यात आधी टाकून पाहिले. एकाखाली एक चौदा प्रश्नपत्रिका उतरल्या. बाई काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून पुसत बसल्या. मग एकेका शिक्षकाला शेजारी बसवून संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या काढल्या. परीक्षाप्रमुखांच्या स्वतःच्या फायली तेवढ्या खरोखर गेल्या होत्या, पण कचरापेटी रिकामी केल्यानंतर २५ दिवसांपर्यंत ॲडमिनला, म्हणजे शाळेची सगळी खाती सांभाळणाऱ्याला, त्या परत आणता येतात. त्याही आल्या. एकही प्रश्नपत्रिका हरवली नाही.

हे मी आजही ठासून सांगतो, कारण तेव्हा कुणी सांगितलं नाही. फायली गेल्याची बातमी दोन दिवसांत सगळीकडे पोचली. सापडल्याची कुठेच पोचली नाही. आम्ही त्या शाळेकडे दोन ओळींचं पत्र मागितलं, तेही मिळालं नाही. अकरापैकी सात शाळांनी करार पुढे चालू केला नाही. आमच्याकडे कामाला असलेल्या दोन मुलांना निरोप द्यावा लागला. आम्ही दोघांनी तीन महिने पगार घेतला नाही. भागीदार म्हणाला, प्रिंटरकडे परत जाऊ. मी नाही म्हणालो, आणि त्यावरून आमच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच वर्षी त्या संस्थेची माहितीपुस्तिका हाती आली. त्यात आमच्या पुस्तिकेतलं सराव-विद्यार्थ्यांचं पान जसंच्या तसं होतं. आमच्या पानावर "आवृत्ती" शब्द चुकून "अवृत्ती" छापला गेला होता, त्यांच्याकडेही तो "अवृत्ती"च होता. मी दोन्ही पानं शेजारी ठेवून फोटो काढला. तो अजून जपून ठेवलाय.

त्या वाईट दिवसांत बाईंनी एक केलं. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या शाळेतल्या चार शिक्षकांना स्वतःच्या घरी बोलावलं आणि आम्हालाही. पिशवी घेऊन गेलो, जेवणाच्या टेबलावर माउस मांडले. त्यातून एक शाळा मिळाली, तिच्यातून दुसरी. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सोडून गेलेल्या सातपैकी पाच शाळांचे फोन आले. प्रमाणपत्रं भिंतीवर होती, पण मुलांना प्रत कशी द्यायची हे कुणाला येत नव्हतं. आम्ही सगळ्यांकडे गेलो, म्हणजे पडद्यावरून.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना सांगतो, बटणांची नावं पाठ करून घेऊ नका. गुगलचा शाळांसाठीचा संच २००६ मध्ये एका नावाने आला, २०१६ मध्ये जी सूट झाला, २०२१ मध्ये वर्कस्पेस. दर वेळी पुस्तिका रद्दीत. एडमोडो हे ऑनलाइन वर्गाचं साधन सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं, जॅमबोर्ड हा गुगलचा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस. म्हणून कुठलंही साधन शिकवताना त्यातलं आपलं काम बाहेर कसं काढायचं हे पहिल्याच तासाला शिकवा. आणि शिक्षकांना एक प्रश्न सतत विचारायची सवय लावा : ही फाइल कुणाच्या मालकीची आहे?

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. खातं बंद होण्याआधी त्यांच्या सगळ्या फायली शाळेच्या शेअर्ड ड्राइव्हवर हलवायच्या होत्या. तिथे फाइल माणसाच्या नावावर नसते, संस्थेच्या नावावर असते. माणूस गेला तरी राहते. मी म्हटलं, आम्ही करून देतो. "नको, तुम्ही नुसते बसा," असं म्हणून त्यांनी वही काढली, यादीतली एकेक फाइल स्वतः हलवली आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली. साडेतीन तास लागले. मी शेजारी बसून होतो.